लाडू पडला आणि उचलला नाही

माझं तोंड आंधळगावापासून वरठीपर्यंत प्रसिद्ध आहे. देखणं म्हणून नव्हे, वाकडं होतं म्हणून. म्हणजे मी करतो तेव्हा होतं. डावा गाल सैल सोडायचा, डावा डोळा अर्धा मिटायचा, ओठ उजव्या कानाकडे ओढायचे आणि जीभ दातांत घोळवत बोलायचं. एवढं केलं की बाया पदर तोंडाला लावतात, पोरं एकमेकांच्या अंगावर आडवी पडतात, आणि वर्षभर कपाळाला आठ्या घालून बसलेला म्हातारासुद्धा खोकल्याचं निमित्त करून हसून घेतो. ही कमाई मी आरशासमोर उभं राहून केलेली आहे. पोटापाण्यासाठी माझं रस्त्यावर दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. वरठीच्या कारखान्यात जाणाऱ्यांच्या मोटरसायकली आणि सायकली माझ्याकडे पंक्चर होऊन येतात. पण दुकान हे माझं पोट आणि दंडार हा माझा जीव.

दंडार ज्यांनी पाहिली नाही त्यांची मला खरोखर कीव येते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. हलका धान कापून झालेला असतो, भारी अजून शेताच्या बांधीत उभा असतो, लेकी-जावई माहेरी आलेले असतात, रस्त्यावर जिलबीच्या कढया आणि शिंगाड्यांचे ढीग लागतात. रात्री नाटक, ते मोठ्या कंपनीचं. पण भरदुपारी उन्हात जी होते ती गावाची स्वतःची दंडार: ढोलकी, पेटी, नाच, गाणी आणि सोंगं. बाईचं काम पुरुषच करतो. आमच्याकडे ते काम माझा भाचा करतो, जो एरवी ट्रॅक्टर चालवतो आणि ज्याच्या मिशा दंडारीपुरत्या काढाव्या लागतात म्हणून त्याची बायको दरवर्षी आनंदी असते. पेटीमास्तर पेटी वाजवतात आणि बसल्या जागेवरून पाटलाचं कामही करतात, कारण पाटलाला उठायची गरज पडत नाही. आणि मी दारुडा.

माझा प्रवेश असा. मंडईतून मी बायकोसाठी लाडू घेऊन झोकांड्या खात येतो. पाटील विचारतो, "काहून बे, पेला का?" मी तोंड वाकडं करून म्हणतो, "मी पेलो नाही जी पाटील, हे जमीनच पेऊन आहे!" आणि मग बायकोसाठी आणलेला लाडू मीच खाऊन टाकतो. यात विनोद काय, असं विचारणाऱ्याने एकदा येऊन पाहावं. जमीन पिऊन आहे म्हणतो तेव्हा मंडप हलतो.

आता त्या लाडवाविषयी. माझी शुगर निघाली त्याला बरीच वर्षं झाली. ती निघाली तेव्हा मला राग आला होता, कारण माझं काहीच दुखत नव्हतं. दुखत नाही तो रोग कसला? गाडीसुद्धा आधी आवाज करते, धूर सोडते, मग बंद पडते. आणि इथे मी ठणठणीत, दोन्ही वेळा परातभर भात खाणारा, आणि कोणीतरी बोटाला सुई टोचून मला सांगतो की तू आजारी आहेस. डॉक्टरांनी भात कमी करा म्हटलं. भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला भात कमी कर म्हणणं म्हणजे तळ्यातल्या मासोळीला पाणी कमी कर म्हणण्यासारखं आहे. शिवाय रक्तदाबाची गोळी, शुगरची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी. त्यातली रक्तदाबाची मी दंडारीच्या दिवसांत घेत नसे. तिने सुस्ती येते आणि टायमिंग बिघडतं, असा माझा शोध होता.

पाव्हण्यारावळ्यांनी उपाय सुचवायला कमी केलं नाही. कारल्याचा रस प्यायलो, जांभळाच्या बियांची पूड खाल्ली, कडुनिंबाचा पाला चावला. कडू खाल्लं की गोड खायचा हक्क मिळतो, असं माझं गणित होतं, त्यामुळे मेथी फाकली की मी हळूच गुळाच्या डब्याकडे जायचो. माझ्या घरचीने, म्हणजे बायकोने, डबा लपवला. मग तिने साखर लपवली. मग भाताचं पातेलं, आमची गंजीच, कुलपात जाते की काय अशी मला धास्ती वाटू लागली. तेव्हा मी दंडारीत खऱ्या लाडवाचा आग्रह धरला. आधी आम्ही मातीचा रंगवलेला लाडू वापरत होतो. मी पेटीमास्तरांना सांगितलं, कला खोटी चालत नाही, लाडू बुंदीचा पाहिजे आणि तालमीलाही पाहिजे.

"दंडार हाय का जेवणावळ?" घरची म्हणाली.

ती तालमीला यायची ती दंडार पाहायला नव्हे. माझा जेवणाचा डबा आणि गोळ्या घेऊन यायची, कारण शुगरवाल्याने वेळेवर खावं हे तिने मनावर घेतलं होतं. बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसायची आणि माझ्याकडे अशी पाहायची, जशी बाजारात भाजीवाल्याच्या तराजूकडे पाहतात. आणि हसायची नाही. लग्न झाल्यापासून कधीही नाही. अख्खा मंडप लोळत असताना ती डबा मांडीवर घेऊन बसलेली. एकदा मंडपात बकरी शिरून पेटीमास्तरांची टोपी चावू लागली, तेव्हा मात्र ती पोट धरून हसली. बकरीला हसली, मला नाही. हे मी तिला वरचेवर ऐकवायचो.

"बकरीनं काही मुद्दामून नाही केलं," ती म्हणायची. "तुमी मुद्दामून करता."

मागल्या वर्षीपासून ती जास्तच गंभीर झाली होती. कोंढ्याला तिचा मोठा भाऊ राहायचा, माझा साळा. त्यालाही शुगर. आम्ही दोघं लग्नाकार्यात भेटलो की मांडवामागे जाऊन शेजारी शेजारी जिलबी खायचो, एकमेकांची पाठराखण करत. असा साळा नशिबाने मिळतो. धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत एका दुपारी तो खळ्यावरून आला, खाटेवर बसला आणि म्हणाला, गॅस झाल्यासारखा वाटून राहिला. अंगाला गार घाम आला होता. छातीत दुखतं का, असं वहिनीने विचारलं, तर नाही म्हणाला. कुठेच दुखत नव्हतं. सोडा मागितला, अर्धा प्यायला आणि तिथेच आडवा झाला. दवाखान्यात नेलं तेव्हा फक्त सांगायचं बाकी होतं. हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणाले, शुगरवाल्यांच्या नसा बधिर होतात, कधी कधी छातीत दुखतच नाही. थकवा, घाम, गॅस, एवढंच वाटतं. मी ते ऐकलं आणि रडलो. घरी येऊन बरेच महिने सगळ्या गोळ्या शहाण्यासारख्या घेतल्या. नंतर पुन्हा मंडई जवळ आली.

घरचीने मात्र ते ऐकलं ते ऐकलंच.

मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम होती. समाजमंदिराच्या पटांगणात मंडप पडला होता. निम्मं गाव आधीच येऊन बसलं होतं, कारण आमच्याकडे रंगीत तालमीलाच जास्त मजा येते. उद्याची वाट कोण पाहतो? माझं तोंड रंगवून झालं होतं. गालाला पांढरं, नाकाला लाल आणि ओठ मुळातच उजव्या बाजूला वर रंगवलेले, म्हणजे मागे बसलेल्यांनाही वाकडं दिसावं. भाचा हिरव्या लुगड्यात, अंबाड्यात झेंडूची फुलं खोवून तयार. सकाळपासून माझं डोकं जरा जड होतं. म्हटलं, रंगाचा वास असेल.

ढोलकी वाजली. मी लाडू डाव्या हातात घेऊन झोकांड्या खात निघालो.

पहिल्या दोन झोकांड्या मी खाल्ल्या. तिसरी माझी मी खाल्ली नाही. डावा पाय जणू दुसऱ्याच कोणाचा होता आणि त्याला माझ्याबरोबर यायचं नव्हतं. मी कडेच्या बांबूवर आदळलो. मंडपात हशा उसळला. वा, मी मनात म्हटलं, ही नवीन जागा चांगली सापडली. खरंच असं म्हटलं मी! नटाची जात मेली तरी हशा मोजते.

पेटीमास्तरांनी विचारलं, "काहून बे, पेला का?"

मला म्हणायचं होतं, मास्तर, मले काहीतरी होऊन राहिलं जी. तोंडातून निघालं ते नुसतं भिजलेल्या पोह्यासारखं काहीतरी. जीभ होती, पण माझं ऐकत नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. आणखी टाळ्या. डावा गाल आपोआप लोंबला होता, डोळा अर्धा मिटला होता, ओठ उजव्या कानाकडे गेले होते, आणि हे सगळं मी एवढी वर्षं त्यांना दाखवत आलो होतो. कोणीतरी शिट्टी घातली. भाचा लुगडं सावरत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, आज तं तोडून राहिले तुमी!" पेटीमास्तर म्हातारे झाले तरी उत्साही, त्यांनी ठोक्यात पेटी वाजवून मला साथ दिली. "वन्स मोर!" असा मागून पुकारा झाला.

तुम्ही बुडत आहात आणि काठावरची माणसं तुमच्या पोहण्यावर खूश होऊन टाळ्या पिटताहेत, असं कधी झालंय? मला इतका राग आला. त्यांचा नव्हे, माझ्या तोंडाचा. सगळ्या तालुक्यात एकच माणूस असा होता ज्याला लकवा मारला तर लोक हसतील, आणि तो मी होतो. आणि खरं सांगतो, त्या घाबरलेल्या अवस्थेतही मला हसू येत होतं. ते फक्त उजव्या बाजूने येत होतं.

तेव्हा माझ्या डाव्या हातातून लाडू पडला.

गडगडत तो मंडपाच्या मधोमध गेला. मी त्याच्याकडे पाहिलं. उचलावासा वाटलाच नाही.

टाळ्या चालूच होत्या. त्यातून घरची उठली. मांडीवरचा डबा खाली पडला, झाकण उघडून भाजी सांडली, तिकडे तिने पाहिलं नाही. खेळाच्या रिंगणात बायकांनी शिरायचं नसतं. ती सरळ शिरली, लाडू ओलांडून माझ्यापुढे आली आणि माझे दोन्ही हात धरून वर केले. मग सोडून दिले. उजवा वरच राहिला. डावा धपकन खाली आला.

"बंद करा ते ढोलकं!" ती ओरडली. "यायले लकवा मारला आहे. गाडी काढा."

आता आमच्या गावात ज्ञानाला तोटा नाही. कोणी म्हणालं हवा लागली, कोणी म्हणालं कांदा हुंगवा. एक जण म्हणाला शुगर कमी झाली असेल, गोड चारा. हे मात्र काही अगदीच चुकीचं नव्हतं, तेही होऊ शकतं. पण जो माणूस वर्षानुवर्षं चोरून गोड खात आला त्याच्यापुढे चार हात एकदम पुढे आले, कोणाच्या हातात पेढा, कोणाच्या हातात गुळाचा खडा, कोणी तो जमिनीवरचा लाडू झाडून आणलेला, आणि माझ्या तोंडाला एकही घास धरता येईना. देवाची थट्टा करायची पद्धत मला तेव्हा कळली. घरचीने सगळे हात बाजूला सारले. "घशात अडकन," म्हणाली. "काही देऊ नका."

एका पोक्त माणसाने सांगितलं की पलीकडच्या गावात लकव्याचा झाडपाला देणारा आहे, हमखास गुण येतो, पण तो मंगळवारीच देतो. उद्याच मंगळवार.

"मंगळवारपर्यंत यायले काय इथं मंडपात मांडून ठेवू?" घरची म्हणाली. "काल माह्या भावाले सोडा देत बसले सारे. आता नाही."

काल म्हणजे गेल्या वर्षी.

भाच्याकडे माल वाहायची छोटी गाडी होती. तिच्यात आमच्या दंडारीचं सामान भरलेलं होतं. ते उतरवायला वेळ नव्हता. मला मागच्या हौद्यात ढोलकी आणि पडद्याच्या गुंडाळीमध्ये आडवं केलं. डोकं घरचीच्या मांडीवर. भाचा लुगड्यातच स्टिअरिंगवर बसला. रस्त्याने जाणारे वळून वळून पाहू लागले. एका मोटरसायकलवाल्याने गाडीशेजारी येऊन हिरवं लुगडं, झेंडूची फुलं आणि गियर टाकणारा दणकट हात पाहिला, आणि तो सरळ शेताच्या धुऱ्यावर उतरला. घरची माझ्या कपाळावर हात ठेवून होती आणि सारखं एकच म्हणत होती, "बोला जी. काही बोला. त्या जमिनीचंच बोला." मी बोलायचा प्रयत्न करत होतो. मला वाटत होतं, मेलो तर बरं, पण आता हिच्यासमोर बोलता आलं नाही तर काय करू? दंडार गेली तर गेली. पण हिने बोला म्हणावं आणि मला बोलता येऊ नये!

भंडाऱ्याला दवाखान्याच्या दारात पहारेकरी आडवा आला. रंगवलेलं तोंड, लोंबणारा गाल, तोंडातून लाळ, आणि मला खांद्यावर टाकून आणणारी सहा फुटी, अंबाडा घातलेली बाई. "पेऊन आला का हा?" त्याने विचारलं.

मी आयुष्यभर जो संवाद ऐकत आलो तो अखेर खऱ्या जगात ऐकला. उत्तर माझ्याकडे तयार होतं. जीभ तयार नव्हती.

"नाही जी," भाचा लुगड्याचा पदर खोचत म्हणाला. "रंगीत तालीम होती."

आतली डॉक्टरीणबाई तरुण होती, पण पक्की. तिने आधी बोटाला सुई टोचून शुगर पाहिली. ती कमी नव्हती, भरपूर जास्त होती. मग म्हणाली, "काका, हसून दाखवा." मी हसलो. तिने वाकून पाहिलं, सरळ होऊन पाहिलं, मग गोंधळली. तोंड वाकडं आहे ते रंगवलेलं की खरं? तेव्हा घरची पुढे झाली. पदर पाण्यात भिजवला आणि माझं तोंड पुसू लागली, असं घासून, जसं गंजीच्या बुडाशी लागलेला भात खरवडतात. पांढरं गेलं, लाल गेलं, रंगवलेले ओठ गेले. खाली माझं तोंड निघालं. तेही वाकडंच होतं.

डॉक्टरीणबाईने "हे केव्हापासून?" विचारलं आणि घरचीने तिसऱ्या झोकांडीपासून, असं अचूक सांगितलं. सीटी स्कॅन झालं. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. वेळेत आणलं म्हणून गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, उशीर झाला असता तर देता आलं नसतं, असं बाई म्हणाली. शुगर आणि रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला राहिला की नसा आतून खरखरीत होतात, त्यात गाठ अडकते. मेंदूत अडकली की लकवा, हृदयात अडकली की अटॅक. मला एकदम कार्ब्युरेटर दिसला. जेटमध्ये बारीकसा कचरा, आणि एवढी मोठी गाडी जागच्या जागी ठप्प. मी किती जणांना झापलं होतं, गाळून न घेतलेलं पेट्रोल टाकू नका म्हणून! स्वतःच्या टाकीत बुंदी टाकत होतो.

दुसऱ्या दिवशी गावात मंडई झाली. दंडार झाली नाही. त्या दिवशी माझ्या तोंडातून पहिला धड शब्द निघाला तो "भात". घरचीने तोंड फिरवलं. मला वाटलं रागावली. मग कळलं की पदराने डोळे पुसत होती.

जीभ थोडी मोकळी झाल्यावर मी तिला विचारलं. अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं, मग तुला एकटीला कसं कळलं?

ती माझी उशी ठोकत होती. "लाडू पडला अन् तुमी उचलला नाही," ती म्हणाली. "लाडू पडला तं तुमी गटारातूनही उचलान."

"बस, एवढ्यावरून?"

"अन् दुसरं म्हणजे," ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून पाहून राहिली मी तुमची ॲक्टिंग. इतकी चांगली तुमाले येतच नाही."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा इतका हसला की नर्स धावत आली.

घरी आलो. हात हळूहळू वळू लागला. पान्हा धरता येतो, पण बारीक नट डाव्या बोटांतून सुटतो. डोक्यापेक्षा पोटाला जास्त त्रास झाला, कारण ताटात भाताची जागा भाजीने घेतली आणि भात वाटीत गेला, वाटीसुद्धा देवाला नैवेद्य दाखवतात तेवढी. गोळ्या सगळ्या, रोज, तिच्या डोळ्यांसमोर. आणि सकाळी चहाच्या आधी परीक्षा. हातांचं ती भावाच्या वेळी डॉक्टरांकडून ऐकून होती, बाकीचं दवाखान्यातून शिकून आली होती. मी अंगणात उभा राहायचो. "हसा," ती म्हणणार. मी हसणार. "हात वर करा." दोन्ही हात वर. "बोला." आणि मी बोलणार, "मी पेलो नाही जी पाटील, हे जमीनच पेऊन आहे!" ती एकेक अक्षर कान देऊन ऐकायची. मान तिरकी करून, श्वास धरून. इतकं लक्ष देऊन माझा संवाद कोणी कधी ऐकला नव्हता. मग म्हणायची, "ठीक आहे, घ्या चहा." बिनसाखरेचा.

मला ते आवडायला लागलं होतं. आणि माणसाला काही आवडायला लागलं की त्याची अक्कल चरायला जाते. एका सकाळी ती म्हणाली, "हसा," आणि मी डावा गाल सैल सोडला, डोळा अर्धा मिटला, ओठ उजव्या कानाकडे ओढले. गंमत म्हणून.

तिच्या हातातली बशी पडली नाही. ती ओरडलीही नाही. ती अंगणात मटकन बसली. तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता, अगदी माझा त्या दिवशी येत नव्हता तसा. मी घाईघाईने तोंड सरळ केलं, म्हटलं, अगं, गंमत केली. तिने पायातली चप्पल काढून मला मारली. चांगली दोनदा मारली. मग माझा डावा हात धरून बसून राहिली, आणि चहा उकळून उकळून सांडला तरी उठली नाही. मीही उठलो नाही. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती आणि एवढं बरंही कधी वाटलं नव्हतं.

पुन्हा दिवाळी आली, पुन्हा मंडई. पेटीमास्तर घरी आले आणि मी नको नको म्हणत हो म्हटलं. लाडू मातीचा राहील, एवढी अट घरचीने मास्तरांना घातली. गावात आधीच बातमी पसरली होती की लकव्यातून उठून गडी दारुडा करतो आहे. शेजारच्या गावांतून लोक आले. भाच्याने मिशा काढल्या, हिरवं लुगडं नेसला. मी तोंड रंगवलं, पण ओठ नाही रंगवले.

भरदुपारी ढोलकी वाजली. मी मातीचा लाडू घेऊन शिरलो, झोकांड्या खाल्ल्या, सगळ्या माझ्या मीच खाल्ल्या. पेटीमास्तरांनी विचारलं, "काहून बे, पेला का?"

मग मागून पोरं ओरडली, "तोंड! तोंड वाकडं करा!" मग सगळेच. टाळ्यांचा ठेका धरला. गाल माझा तयार होता. गालाला काय, त्याला जुनी सवय. मी बायकांच्या बाजूला पाहिलं. ती खांबाला टेकून बसली होती, मांडीवर डबा. दोन्ही हातांनी डबा असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. ती तोंड मिटून माझ्याकडे पाहत होती.

मी तोंड वाकडं केलं नाही. मी सरळ हसलो. दोन्ही हात वर केले. आणि एकेक अक्षर खडीसाखरेसारखं निवडून म्हटलं, "मी पेलो नाही जी पाटील, हे जमीनच पेऊन आहे!"

मंडपात चिडीचूप. हे काय, हा दारुडा कसला, शाळेत हजेरी देतो आहे की काय? पेटीमास्तरांचा हात पेटीवर तसाच राहिला. भाचा पदर चावत उभा. इतक्या वर्षांत माझा हा संवाद कधी पडला नव्हता, आणि तो आता धाडकन पडला होता.

आणि मग खांबाजवळून हसू आलं. आधी नाकातून, मग पदरातून, मग पदर सुटला आणि डबा मांडीवरून घरंगळला. ती हसत होती. बकरीला हसली होती त्याहून जास्त. शेजारच्या बाया तिच्याकडे पाहून हसू लागल्या, मग त्यांच्याकडे पाहून बाप्ये हसू लागले, आणि कशाला हसतो आहोत हे कोणालाच ठाऊक नसताना अख्खा मंडप हलला.

पाटलाचा पुढचा संवाद यायचा होता. मी हात खाली घेतले नाहीत. डावा थरथरायला लागला होता, तरी वरच धरून ठेवला, कारण ती हसत हसत त्याच्याकडेच पाहत होती.